बायोस अपडेट करताना वीज गेली. आता नुसते पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. सीमॉस रीसेट करून झालं. बोर्ड गेला का?

नाही गेला. दुकानदाराने गेला म्हणून सांगितलं असेल, तरी नाही. सीमॉस रीसेटने फक्त सेटिंग पुसली जातात, बायोसच्या चिपमधला, म्हणजे मशीन सुरू करणारा, अर्धवट लिहिलेला कोड तसाच राहतो.

२०२२च्या पावसाळ्यात कळव्याला माझ्याकडे हेच झालं. बी४५० बोर्डावर रायझन २६०० होता, मला ५६०० बसवायचा होता. जुना बायोस तो प्रोसेसर ओळखत नाही, म्हणून अपडेट करणं भागच होतं. अपडेटची पट्टी ६० टक्क्यांवर असताना बिल्डिंगची वीज गेली. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात मशीन नेलं, तर त्याने केसही न उघडता सांगितलं, "बोर्ड डेड, नवा घ्या." घरी भावोजी आलेले. त्यांचं नेहमीचं: "चालू मशीनला हात लावायचाच कशाला?" तेही आईसमोर. फार लागलं मला ते.

दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडवर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप थेट वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र), चिपला लावायची आठ पिनांची क्लिप आणि १.८ व्होल्टचा अडॅप्टर (चिपला कमी व्होल्टेज देणारा) घेतला, सगळं हजाराच्या आत. पहिली रात्र चिप नुसती वाचण्यात गेली. तीनदा वाचली, तिन्ही फायली वेगळ्या. पिना आयसोप्रोपिलने पुसल्या, एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर आणि बटण सेल काढला, क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे आहे ना ते पुन्हा पाहिलं. मग कुठे सलग दोन फायली तंतोतंत जुळल्या. ती प्रत जपून ठेवा. बोर्डाचा सिरियल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस बरेचदा तिच्यातच असतो.

पुढची अडचण फाइलची. माझी चिप १६ एमबीची, म्हणजे फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली २,०४८ बाइटने मोठी निघाली. सुरुवातीला कॅप्सूलचं हेडर होतं, म्हणजे चिपवर न लिहायचा जादा भाग, ते कापलं. फ्लॅशरॉम नावाच्या सॉफ्टवेअरने चिपवर लिहिलं, पुन्हा वाचून ताडून पाहिलं. पहाटे डिस्प्ले आला तेव्हा आईला उठवून दाखवला. त्याच बोर्डावर आज ५६०० चालतोय.

म्हणून भावोजींना तेव्हा सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: चूक अपडेटची नव्हती, यूपीएस नसल्याची होती. हात न लावता ५६०० चालला असता का? याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

हो, एक आधी सांगायला हवं होतं. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर यातलं काहीच करू नका. फॅट३२ पेनड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल टाका, ठरलेल्या पोर्टला लावा आणि बटण दाबा. माझ्या बोर्डाला ते नव्हतं. आणि अडॅप्टर सरसकट लावायचा नसतो: विनबाँड कंपनीच्या २५क्यू१२८ चिपवर नंबरच्या पुढे जेव्ही किंवा एफव्ही असेल तर ३.३ व्होल्ट, जेडब्ल्यू किंवा एफडब्ल्यू असेल तर १.८. १.८च्या चिपला ३.३ दिलेत तर मात्र चिप खरंच जाऊ शकते. काळ्या रंगाचे स्वस्त सीएच३४१ए तर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट देतात, तेव्हा आधी मल्टिमीटर लावून बघा.

चिपवरचा नंबर भिंगातून वाचून कॉमेंटमध्ये टाका. अडॅप्टर लागेल की नाही ते सांगतो.