कोल इंडियाचे शेअर विकून छतावर सोलर बसवावं का?

प्रश्न : मी कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या उपकंपनीतून निवृत्त झालो, वय ६३, चंद्रपुरात स्वतःचं घर. २०१० च्या आयपीओत (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत) कर्मचारी सवलतीत, म्हणजे २४५ ऐवजी २३२.७५ रुपयांना घेतलेले आणि पुढे लगेच वाढवलेले मिळून कोल इंडियाचे २,००० शेअर माझ्याकडे आहेत. भाव ४०० धरला तर आठ लाख होतात. लाभांश खरेदीच्या हिशेबाने ११ टक्क्यांच्या वर पडतो. पत्नीला दमा आहे, हिवाळ्यात नेब्युलायझर रोजचाच. पुण्यातली मुलगी म्हणते, "बाबा, ज्या धुराने आईचा श्वास कोंडला त्याचाच लाभांश आपण खातो. सगळं विका." तिचं मत असं की निम्म्याहून अधिक पैशांत बॅटरीसह ५ किलोवॅट सोलर बसवावं (कोटेशन ४ लाख ६० हजार) आणि उरलेले पवनचक्की-सोलरच्या शेअरमध्ये टाकावेत. मुलगा कोळसा वाहतुकीच्या कंत्राटदाराकडे नोकरीला आहे, तो म्हणतो हात लावू नका. पेन्शन थोडी आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १८ लाख आहेत. काय करावं?

उत्तर : काका, नमस्कार. पत्रात तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. एक, कोळशाचा पैसा ठेवावा का. दुसरा, आठ लाखांचं काय करावं. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या वाटांनी येतात, म्हणून आधी मुलीचा मुद्दा घेतो.

तिचं म्हणणं खोटं नाही. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, शहराला खेटून. भोवती खाणी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात अगदी वरच्या नंबरांत होतं. धुराड्यातला सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊन बारीक कण बनतो आणि ते कण थेट फुप्फुसात उतरतात. तो रोखायची यंत्रणा बसवा, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला आणि मुदत दोन वर्षांची होती. मग मुदतवाढीमागून मुदतवाढ आली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागाजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेका केंद्रागणिक व्हायचा आहे. यंत्रणा न बसवल्याने वीज स्वस्त राहिली असं आपण म्हणतो, पण तो खर्च गेला कुठे? त्यातला थोडा तुमच्या घरी आला, इनहेलर आणि नेब्युलायझरच्या रूपाने. लाईट बिलावर तो दिसत नाही, इतकंच.

मात्र तुम्ही शेअर विकल्याने यातलं काही कमी होणार नाही. कोल इंडियाचा ६३ टक्के हिस्सा केंद्र सरकारकडे आहे. तुमचे शेअर दुसरा कुणी घेईल आणि पुढचा लाभांश त्याच्या खात्यात जाईल. खाणीतून एक टोपलीही कमी निघणार नाही. २०२४-२५ मध्ये कंपनीने सुमारे ७८ कोटी टन कोळसा काढला. विकून मनाला बरं वाटणार असेल तर तेही कारण आहे, मी त्याला हसणार नाही. पण त्याने काकूंची हवा सुधारेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

तरीही माझा सल्ला आहे की बहुतेक शेअर विका. कारण वेगळं आहे.

तुमची पेन्शन कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीतून येते. मुलाचा पगार कोळशाच्या वाहतुकीवर. घर चंद्रपुरात, म्हणजे त्याची किंमतही खाणी आणि वीज केंद्र चालण्यावर. आणि बचतीतले आठ लाख पुन्हा कोल इंडियात. एकाच फांदीवर सगळी घरटी बांधलीत, काका. कोळसा उद्या बंद होतोय असं मुळीच नाही. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज आजही त्यातूनच येते आणि पुढची बरीच वर्षं कंपनी नफ्यात राहील असं मलाही वाटतं. पण जगात हे धंदे कसे फिरतात ते पाहा. अमेरिकेतली सर्वांत मोठी खासगी कोळसा कंपनी पीबॉडी एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनने शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं. आपल्याकडे असं कधी होईल ते सांगता येत नाही, पण ज्या दिवशी धक्का बसेल त्या दिवशी पेन्शन, पगार, घर आणि शेअर यांना एकदमच बसेल. ही जोखीम पाप-पुण्याचा विचार न करताही घेण्यासारखी नाही.

आता त्या ११ टक्क्यांविषयी. २०२४-२५ चा लाभांश शेअरमागे २६.५० रुपये होता. २३२.७५ ने भागलं की ११ च्या वर आकडा येतो, पण आज तुमच्या हातात २३२ नाहीत, ४०० आहेत. ४०० वर तो ६.६ टक्के होतो. ज्येष्ठ नागरिक योजना एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के देते आहे. शिवाय लाभांश म्हणजे पेन्शन नव्हे. २०१५-१६ मध्ये याच कंपनीने शेअरमागे २७.४० दिले होते, २०१९-२० मध्ये ते १२ वर आले. भाव ऑगस्ट २०१५ मध्ये साडेचारशेच्या जवळ होता, २०२० मध्ये सव्वाशेच्याही खाली गेला. तेव्हा तुम्ही नोकरीत होतात, पगार चालू होता, म्हणून ते जाणवलं नाही. आता जाणवेल.

मग पैसा न्यायचा कुठे? मुलीचा अर्धा बेत मला पटतो, अर्धा नाही.

न पटणारा भाग आधी सांगतो. पवनचक्की-सोलरचे शेअर. पृथ्वीसाठी चांगली गोष्ट आणि भागधारकासाठी चांगली गोष्ट यांची गाठ पडेलच असं नाही. पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या सुझलॉनचंच उदाहरण घ्या. २००५ मध्ये आयपीओ आला, पवनऊर्जेचा मोठा बोलबाला होता आणि जानेवारी २००८ पर्यंत शेअर आकाशाला भिडला होता. कंपनीने कर्ज काढून बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर घेतली. मग जागतिक मंदी आली, ऑर्डरी आटल्या आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड चुकली. मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास लोळत होता. नंतर तो सावरला हे खरं, पण शिखरावर घेऊन इतकी वर्षं थांबलेला निवृत्त माणूस मी पाहिलेला नाही. या सगळ्या काळात साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या मात्र फिरतच होत्या. वाऱ्यात खोट नव्हती, खोट कर्जात आणि मोजलेल्या भावात होती. अलीकडचं पाहायचं तर इरेडा, म्हणजे सौर-पवन प्रकल्पांना कर्ज देणारी सरकारी कंपनी : नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना आला, जुलै २०२४ मध्ये तीनशेच्या वर गेला आणि मार्च २०२५ पर्यंत त्याच्या निम्म्याहून खाली. कोळशाची एक फांदी सोडून सौर उद्योगाच्या दुसऱ्या एका फांदीवर बसण्यात मला शहाणपण दिसत नाही, तेही ६३ व्या वर्षी.

(गंमत म्हणजे कोल इंडिया स्वतःच तीन हजार मेगावॅट सौर क्षमता उभारायच्या मागे आहे. तेव्हा कोण काळं आणि कोण हिरवं, ही विभागणी शेअर बाजारात तितकी सरळ राहिलेली नाही.)

छतावरचं सोलर मात्र वेगळं. ती गुंतवणूक कमी आणि पुढच्या वीस वर्षांच्या बिलाचा आगाऊ भरणा जास्त. तुमच्या बिलांनुसार महिन्याला सरासरी २८० युनिट, वर्षाला सुमारे ३६ हजार रुपये. महावितरणचा १०० युनिटपुढचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे, त्यामुळे सोलरने वाचणारी युनिटं ही सर्वांत महागडी युनिटं असतात. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. ३ किलोवॅटचे महिन्याला कागदावर ३६० होतात, मी ३०० च धरतो, कारण तुम्ही चंद्रपुरात आहात.

तिथलं ऊन कडक असलं तरी पॅनलला उष्णता आवडत नाही. तापमान चढलं की उत्पादन उतरतं. आणि तुमच्या गच्चीवर जी काळी धूळ बसते तीच पॅनलवरही बसेल. आठवड्याला धुतलं नाही तर उत्पादनात घट ठरलेली. गच्चीवर पाण्याची सोय आणि चढायला धड जिना आहे का, हे कोटेशनआधी पाहा. तुम्ही स्वतः चढू नका, माणूस लावा आणि त्याचे पैसे हिशेबात धरा.

५ किलोवॅट नको. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं मिळून ७८ हजार अनुदान मिळतं, त्यापुढे एक रुपयाही वाढत नाही. जास्तीची वीज नेट मीटरवर (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर) पुढच्या महिन्यांत वळती होते, पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचे पैसे बेताचेच मिळतात. ३ किलोवॅट तुम्हाला पुरतं. त्याचं दुसरं कोटेशन तुम्ही १ लाख ९० हजारांचं कळवलंय. अनुदान वजा जाता १ लाख १२ हजार. वर्षाला ३० हजार वाचले तर चार वर्षांच्या आत वसूल. पुढे दहा-बारा वर्षांनी सोलरचा इन्व्हर्टर बदलावा लागेल, त्याचे वेगळे. अनुदान काम झाल्यावर खात्यात येतं, तेव्हा आधी पूर्ण रक्कम हाताशी हवी. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. आणि २५ वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी २५ वर्षं टिकायला हवी, हेही डोक्यात असू द्या.

एक गोष्ट विक्रेते बहुधा शेवटी सांगतात : बॅटरीशिवायचं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर दुपारीही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्थाच तशी असते. काकूंच्या नेब्युलायझरसाठी बॅकअप हवाच, पण त्यासाठी दोन-अडीच लाखांची हायब्रीड बॅटरी नको. वीस-पंचवीस हजारांचा घरगुती इन्व्हर्टर पुरेसा आहे.

मुलीला हेही सांगा की संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरातला कुलर पुन्हा कोळशाच्याच विजेवर चालेल. सूर्य मावळला की मागणी वर जाते आणि ती उचलायला आजही ऊर्जानगरची, म्हणजे तुमच्या वीज केंद्राचीच धुराडी लागतात. साठवणूक स्वस्त होईपर्यंत हे असंच राहणार. मोठ्या सौर प्रकल्पांना जमीन लागते. राजस्थानात त्यांच्या वीजवाहिन्यांवरून माळढोक पक्ष्याचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. छताचा फायदा हा की तुमची नवी जमीन जात नाही.

सोलरच्याही आधी मी दोन लाख काकूंच्या नावाने बाजूला काढेन, बँकेत मुदत ठेव, हवी तेव्हा मोडता येईल अशी. कंपनीच्या निवृत्तांच्या वैद्यकीय योजनेत किती मर्यादा शिल्लक आहे ते लेखी मागवा. बाहेरून नवा विमा घेतला तर दम्यासारख्या जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तोवर हीच ठेव आधार.

कर वाचवायचा असेल तर विक्री दोन आर्थिक वर्षांत करा. ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा सर्वोच्च भाव खरेदीभाव म्हणून धरता येतो. तो ३०० च्या आसपास होता, नेमका ब्रोकरकडून घ्या. म्हणजे नफा शेअरमागे १०० च्या घरात. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. ३१ मार्चच्या आत १,००० विका, एप्रिलनंतर ७००, कर शून्य. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, तेव्हा हवं तेव्हा विकू, असं समजू नका, ती सूट या नफ्याला लागू नाही. उरलेले ३०० ठेवा. आयुष्य ज्या कंपनीत गेलं तिचे थोडे शेअर असावेत, यात मला गैर वाटत नाही.

१,७०० शेअरचे ६ लाख ८० हजार होतील. त्यातून सोलरला निव्वळ १ लाख १२ हजार, काकूंची ठेव २ लाख, ज्येष्ठ नागरिक योजनेत आणखी ३ लाख (मर्यादा ३० ची आहे, तुमचे १८ झालेत, आणि दर पाच वर्षं बांधलेला राहतो). उरलेल्या अडुसष्ट हजारांतून घरगुती इन्व्हर्टर घ्या आणि बाकी साध्या निर्देशांक फंडात (बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या शेअरमध्ये पैसे विभागणाऱ्या फंडात) टाका, कारण तुमची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. जाणारा लाभांश वर्षाला ४५ हजार. येणारं व्याज योजनेचं २४ हजार ६०० आणि ठेवीचं बारा-तेरा हजार, शिवाय बिलातले ३० हजार. मुलाला ही बेरीज दाखवा, त्याचा विरोध बराच मावळेल.

पैशांचा क्रम मात्र सांभाळा. मार्चच्या विक्रीचे चार लाख आले की आधी काकूंची ठेव, मग सोलर. ७८ हजार परत आले की तेच योजनेत भरा, उरलेलं एप्रिलच्या विक्रीतून. नेट मीटरचा अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर तुमच्याच नावाने आणि तुमच्याच मोबाईल क्रमांकावर व्हायला हवा. विक्रेता "मी करतो, ओटीपी सांगा" म्हणाला तर समोर बसवून भरून घ्या.