सशाच्या पापणीचं अभिसंधान: सुरुवात करताना

अभिसंधान म्हणजे इथे सशाला सुरावर डोळा मिटायला शिकवणं: सुरामागोमाग दर वेळी डोळ्यावर हवेचा झोत दिला, की पुढे तो झोत येण्याआधीच, सूर ऐकूनच पापणी मिटू लागतो. पण पहिल्याच दिवशी सूर आणि झोत जोडून देऊ नका. एक-दोन दिवस ससा नुसता प्रयोगाच्या पेटीत बसू दे. बिथरलेल्या जनावराच्या नोंदी काही सांगत नाहीत.

मग सूर सुरू झाल्यावर पाव ते अर्ध्या सेकंदाने, तो चालू असतानाच, डोळ्यावर १०० मिलिसेकंदांचा हलका झोत सोडा. दोन्ही एकदम दिलेत तर शिकणं जवळपास होतच नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर ३० ते ६० सेकंद, पण दर वेळी वेगळं. नाहीतर ससा सुराऐवजी वेळच ओळखू लागेल.

नवख्यांना सगळ्यात जास्त फसवते ती हवेची झडप. उघडताना ती ‘टक्’ करते, आणि नळी लांब असली की हवा त्यानंतर पोचते. मग ससा सूर सोडून त्या आवाजावर डोळा मिटतो. झडप पेटीबाहेर ठेवा, आत पंख्याची एकसारखी घरघर असू द्या, आणि झोत प्रत्यक्ष कधी पोचतो ते मोजा.

सुरानंतर पहिल्या ८० मिलिसेकंदांतली हालचाल बहुधा दचकणंच. ती मोजू नका. शिकलेली पापणी सावकाश मिटत जाते आणि झोताच्या सुमारास पूर्ण मिटते. तेवढेच सूर, तेवढेच झोत, पण जोडी न लावता दिलेला सशांचा दुसरा गट लागतोच; त्याच्याशी तुलना केली तरच शिकणं जोडीमुळे झालं हे कळतं.