पित्त नक्की कुठलं? आजीचं की पुस्तकातलं?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पित्तरस यकृतात तयार होतो आणि तेलतूप पचवायला मदत करतो असं लिहिलंय, आणि घरी आजी म्हणते उपाशी राहू नकोस पित्त होईल, तर ही दोन्ही पित्तं एकच का, आणि नसतील तर चुकतंय कोण?

एक नाहीत, आणि चुकत कोणीच नाहीये.

आजी ज्याला पित्त म्हणते ती ॲसिडिटी. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं हा सगळा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा उद्योग, ते वर अन्ननलिकेत चढलं की जळजळतं. पुस्तकातला पित्तरस यकृतातून येतो, पित्ताशयात साठतो आणि जेवल्यावर लहान आतड्याच्या सुरुवातीला सोडला जातो. गंमत म्हणजे तो आम्ल नाहीच, उलट थोडा अल्कलीच्या बाजूचा असतो, म्हणजे जठरातून आलेला आंबट लगदा सौम्य करायला तो आणि स्वादुपिंडाचा रस हातभार लावतात.

वरणभात-तूप घ्या. भातातला स्टार्च तोंडातल्या लाळेपासूनच तुटायला लागतो (भात नीट चावून खाल्ला तर, नाहीतर ते काम पुढे आतड्यावर पडतं), वरणातल्या प्रथिनाला जठरात आम्ल आणि पेप्सिन भिडतात, आणि तूप मात्र बरंचसं तसंच खाली येतं. तिथे पित्तरस लागतो. त्याच्यात विकर, म्हणजे एन्झाइम, एकही नसतं. तो फक्त तुपाचे मोठे थेंब फोडून बारीक करतो, मग स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्यांच्यावर काम करतं.

मग आम्लाला पित्त का म्हणायला लागलो? कारण शब्द या सगळ्या माहितीच्या कितीतरी आधीचा आहे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने मांडलं ते 1824 साली, आणि आयुर्वेदातलं पित्त म्हणजे कुठला एक रस नव्हेच, तो वात-पित्त-कफातला एक दोष, उष्ण, पचवणारा, त्याचे पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक असे पाच प्रकार. हे पित्त बिघडून आंबट झालं की अम्लपित्त, आणि बोलताना त्यातलं अम्ल गळलं, नुसतं पित्त राहिलं असं मला वाटतं. पुढे मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांनी यकृताच्या रसालाही तोच शब्द दिला, आणि घोळ झाला.

अंगावर उठतं ते तिसरंच. लाल गांधी, खाज, आमसुलाचं पाणी लावतात ते. त्याचा ना जठराशी संबंध ना यकृताशी, ते त्वचेतल्या हिस्टामिन नावाच्या रसायनामुळे होतं. म्हणून मेडिकलमध्ये नुसती 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की शहाणा दुकानदार आधी विचारतो, पोटातलं की अंगावरचं? आता कहर असा की जठरात आम्ल सुटायला सांगणाऱ्यांतही हिस्टामिन असतंच, पण तिथला रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं ती जागा, वेगळा, त्यामुळे गोळ्याही वेगळ्या.

खरं यकृताचं पित्त बोलण्यात सापडतं ते उलटीत. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या की आधी आंबट येतं, पोट रिकामं झालं की शेवटी पिवळं-हिरवट कडूजहर पाणी पडतं. ते कडू म्हणजे पुस्तकातलं पित्त, आंबट म्हणजे आजीचं. इतकी सोपी खूण दुसरी नाही.

लिहिताना मी आम्लपित्त किंवा सरळ ॲसिडिटी, आणि यकृताच्या रसाला पित्तरस असं वेगळं लिहितो. बोलताना कशाला कोणाला दुरुस्त करायचं, आजीला तर नकोच. पण एका ठिकाणी फरक माहीत असलेला बरा, पित्ताचे खडे. ते पित्ताशयात, पित्तरसातूनच होतात, ॲसिडिटी साठून नाही, त्यामुळे ऑपरेशन करून पिशवी काढली तरी जळजळ होऊ शकते, आणि 'पिशवीच काढली तर आता पित्त कसं होतंय' हा प्रश्न डॉक्टरांना ऐकावा लागतो. यकृत पित्तरस तयार करतच राहतं, फक्त तो साठत नाही, थेट आतड्यात जातो.