सोलापूरच्या उन्हाळ्यात दीड टनाचा एसी दुपारी खोली गार करत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. भरावा का?

आधी गॅस भरू नका. तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे पैसे पाण्यात.

आमचं घर पूर्व भागात. खाली टॉवेलचा कारखाना, वर आम्ही. दादाने आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट, मागच्या गॅलरीत बसवलं आणि ऊन लागू नये म्हणून समोरून पत्रा ठोकला. मी तेव्हाच म्हणाले होते, उन्हाचं सोड, त्याला वारा हवा. पण धाकट्या बहिणीचं कोण ऐकतं! दर एप्रिलला तेच. भर दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप, मेकॅनिक येणार, गॅस भरून पैसे घेऊन जाणार. शेवटी एका उन्हाळ्यात मी त्याला आधी पत्रा काढायला लावला. आउटडोअरच्या मागच्या बाजूला सुताची धूळ इतकी बसली होती की नखाने कोपरा सोडवून ओढली तर सलग पट्टाच हातात आला. त्यात थर दिसत होते: गुलाबी, हिरवा, पांढरा. मागावर ज्या रंगाची ऑर्डर, त्या रंगाचा थर. सगळं धुऊन घेतलं, पत्रा परत लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोली गार. गॅस अजिबात भरला नव्हता.

आउटडोअरचं काम खोलीतली उष्णता बाहेर टाकणं. वाट अडली की स्वतःच टाकलेली गरम हवा ते परत ओढतं, आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट खेचतो आणि ओव्हरलोडवर बंद पडतो. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात 42-43. मुळात ताकद कमी पडते, त्यात पत्रा!

आतला फिल्टर तुंबला तर कॉइलवरून, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवरून, हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली उतरते, बर्फ धरतो आणि उरलीसुरली हवाही अडते. बर्फ दिसला की कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवा. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, शेजारी माग असतील तर दर आठवड्याला.

हां, गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो. सगळं स्वच्छ करूनही धरला तर गळती तपासून घ्या. आउटडोअर धुताना मेन स्विच बंद ठेवा आणि जोराचा फवारा मारू नका, युनिटच्या नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या वाकतात.

दादा अजून म्हणतो, त्या वर्षी ऊनच कमी होतं. अजिबात नव्हतं. सावलीच हवी असेल तर युनिटच्या वर जागा सोडून छज्जा करा. समोर काही नको, कुंड्या नकोत, वाळत घातलेले कपडेही नकोत.