मुलगी म्हणते ‘क्लायमेट जस्टिस’, मग पोटापाण्याचं काय?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आम्ही म्हणतो बी.एड. कर, नाहीतर एमपीएससी दे. ती म्हणते, मला क्लायमेट जस्टिसमध्ये, गावातल्या लोकांबरोबर काम करायचंय. यात नोकऱ्या असतात का? की पोरगी मोर्चे काढत फिरणार?
– एक वडील

भाऊ, नमस्कार.

मोर्चाचं आधी मिटवू. हवामान बिघडवण्यात ज्यांचा हात सगळ्यात कमी, त्यांनाच फटका जास्त बसतो. म्हणून निर्णयात आणि भरपाईत त्यांचा वाटा हवा, एवढंच क्लायमेट जस्टिस, म्हणजे हवामान न्याय. तुमच्याच बागेत पाहा. मे महिन्यात बाग होरपळली, तर तुमच्याकडे हवामान आधारित फळपीक विमा असतो. महसूल मंडळातल्या केंद्रावर ठरलेलं तापमान ठरलेले दिवस नोंदवलं गेलं की दावा बसतो. (ते केंद्र नेमकं कुठे उभं केलंय यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलाल!) पण त्याच उन्हात घड कापणारा आणि खांद्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणारा मजूर? सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या त्या माणसाच्या नावावर ना बाग, ना पॉलिसी. उन्हाने काम बंद राहिलं की रोजी गेली. दुसऱ्याची बाग वाट्याने करणाऱ्याचंही बऱ्याचदा तेच, नुकसान त्याचं आणि सातबारा मालकाचा. तुमच्या लेकीला हे दिसलं असेल तर घरात थोडी कुरबूर होईल, पण तिची नजर चांगली आहे.

आता ‘लोकांबरोबर काम’ म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळ मुलांना वाटतं की वडाची रोपं लावून फोटो काढले की झालं. आपल्या खानदेशात हे काम जुनं आहे. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. बंधाऱ्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एका फडात शक्यतो एकच पीक, पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे, हे शेतकरी मिळून ठरवत. पाटाच्या तोंडाशी ज्याचं रान, त्यालाही ते ऐकावं लागे. टंचाई सगळ्यांत वाटून घ्यायची ही रीत काही शतकं चालली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तेच जंगलाच्या बाबतीत केलं: कुऱ्हाडबंदी, नियम, मोडणाऱ्याला दंड, सगळं गावाने ठरवलेलं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर आहेत, म्हणजे पदवीवर काही अडलं नाही!

पण प्रत्येकाला चैत्रामभाऊ होता येत नाही आणि व्हायची गरजही नाही. पगारी कामं आहेत. जळगाव जिल्ह्यातली गावं नानाजी देशमुख कृषी संजीवनी या, हवामान बदलाला तोंड देणारी शेती उभारण्याच्या सरकारी प्रकल्पात आहेत. त्यात गावाची समिती आणि सूक्ष्म नियोजन लागतं. भूजल वाचवण्याच्या केंद्राच्या अटल भूजल योजनेत पाण्याचा ताळेबंद गावाबरोबर बसून मांडायचा होता, आणि रावेर-यावलच्या विहिरींचं पाणी कुठे गेलंय ते तुम्हाला सांगायला नको. नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्यात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाने जंगलावरच्या हक्कासाठी केलेले सामूहिक दावे आणि त्यानंतरचे वन आराखडे, हे वर्षानुवर्षांचं काम आहे. शिवाय वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) सारख्या पाणलोटातल्या संस्था आणि मोठ्या कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचे विभाग. साक्रीकडे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आले, तेव्हा कोणाची जमीन कोणत्या भावाने गेली, गावाला काय मिळालं, याची नोंद ठेवणारी माणसंही लागतात. हरित वीज म्हणजे आपोआप न्याय, असं नसतं.

पगाराबद्दल स्पष्ट सांगतो. सुरुवात तोकडी असते. सरकारी प्रकल्पातली पदं बहुतेक कंत्राटी. प्रकल्प संपला की करार संपला. सासरी सांगायला ‘परमनंट’ हा शब्द मिळणार नाही. म्हणून माझा आग्रह एकच: हातात एक मोजता येणारं कौशल्य हवं. नुसत्या कळकळीवर नेमणूक होत नाही. जिला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर गावाचा नकाशा करता येतो, विहिरींची पातळी नोंदवून ताळेबंद मांडता येतो आणि तोच ताळेबंद ग्रामसभेत गावाच्या बोलीतून समजावता येतो, अशी मुलगी संस्था शोधत असतात. शेवटचं तिला आयतं येतं, पुण्याच्या मुलाला ते शिकायला वर्षं जातात. क्यूजीआयएस फुकट आहे, आजपासून सुरू करता येईल.

शिक्षणाचं म्हणाल, तर टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) मुंबईला हवामान बदल आणि शाश्वततेवर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तुळजापूर केंद्रात ग्रामीण विकासाशी जोडलेले आहेत. प्रवेश सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, अर्ज हिवाळ्यातच निघतात, तारीख चुकवू नका. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास विषयात एम.ए. आहे आणि घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात मोठी सवलत मिळू शकते. घराजवळच राहायचं तर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.; मग मात्र सुट्टीत क्षेत्रकाम तिने स्वतः शोधायचं. वाद घालायची हौस असेल तर एलएलबी. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मधून निघतो असं म्हटलं. या विषयात वकील लागणार आहेत.

एमपीएससीवर फुली मारू नका. वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात, आणि गावाचं ऐकणारा वनाधिकारी मिळाला तर दहा संस्थांचं काम होतं. बी.एड. मात्र ‘काहीतरी हाताशी असावं’ एवढ्यासाठीच करायला लावू नका. तशी दोन वर्षं घालवून बसलेली बरीच मुलं माझ्याकडे येतात.

एक काम तुमच्यासाठी. या उन्हाळ्यात कापणीला येणाऱ्या टोळीबरोबर तिला बसू द्या. कामाला किती वाजता लागतात, दुपारी सावली कुठे, पाणी कोण आणतं, चक्कर आली तर दवाखान्याचा खर्च कोणी दिला, कोणत्या दिवशी खाडा पडला, सगळं तारखेसकट वहीत उतरवू द्या. काही उत्तरं तुमच्या विरोधात जातील, तरी खोडायला सांगू नका. मुलाखतीत ती वही प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त बोलेल. आणि पंधरा दिवसांत तिला कंटाळा आला, तर बी.एड.चा फॉर्म आहेच.