अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला तुमच्या मते सर्वांत मोठा सीझन कोणता?

एकही सामना न हरलेल्या एखाद्या संघाचं नाव मी सांगेन, असं तुम्हाला वाटत असेल. माझं उत्तर आहे मार्शल युनिव्हर्सिटीचा 1971 चा सीझन. दहा सामने, त्यातले दोन जिंकले, आठ हरले. याच मार्शलने पुढे 1996 मध्ये पंधराच्या पंधरा सामने जिंकले, तरीही मी 1971 च म्हणेन.

मी मूळचा कोल्हापूरचा. एम.एस.साठी दोन वर्षं हंटिंग्टनला, मार्शलमध्येच होतो. वेस्ट व्हर्जिनियातलं, ओहायो नदीच्या काठचं हे गाव. शाहू स्टेडियमवर तालमींच्या (आपल्या पायाने खेळायच्या) फुटबॉल मॅचला अख्खी पेठ उतरते ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे एखादा संघ गावाचा असतो म्हणजे काय, हे तिथे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

14 नोव्हेंबर 1970 ला ईस्ट कॅरोलायनाविरुद्धचा सामना 17-14 असा हरून संघ खास ठरवलेल्या विमानाने परत निघाला होता. पाऊस आणि धुकं होतं. हंटिंग्टनची धावपट्टी थोडक्यावर आली असताना विमान टेकडीवरच्या झाडांना धडकलं. 75 जण होते, एकही वाचला नाही. त्यात 37 खेळाडू होते, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली होते, आणि संघाबरोबर हौसेने गेलेली गावातली पंचवीस माणसं होती. 70 मुलांचे आई किंवा वडील गेले, त्यातल्या 18 मुलांचे दोघंही. सहा खेळाडूंची ओळखच पटवता आली नाही. ते गावातल्या स्प्रिंग हिल दफनभूमीत एकमेकांशेजारी आहेत.

फुटबॉल आता बंदच करावं, असं म्हणणारे तेव्हा बरेच होते, आणि मला त्यांचंही चूक वाटत नाही. पण खेळायचं ठरलं, आणि मग प्रश्न आला की खेळणार कोण?

आता एक नियम सांगतो, तो कळल्याशिवाय हा सीझन कळणार नाही. त्या काळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला बंदी होती. त्यांचा संघ वेगळा असे. म्हणून 1970 मधली पहिल्या वर्षाची मुलं त्या विमानात नव्हती. नियमानं त्यांना बाहेर ठेवलं म्हणून ती जिवंत राहिली. 1971 मध्ये ती दुसऱ्या वर्षाला आली, पण तेवढ्यांनी संघ भरेना. तेव्हा कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिने मार्शलसाठी तो नियम शिथिल केला आणि नवी, पहिल्या वर्षाची मुलं थेट मैदानात उतरली. दुखापतीमुळे विमानात न गेलेल्या नेट रफिनसारखे मोजके जुने, बास्केटबॉलसारखे दुसरे खेळ खेळणारी काही मुलं, असं करत संघ उभा राहिला.

नवे प्रशिक्षक जॅक लेंगेल वूस्टर नावाच्या छोट्या कॉलेजातून आले. त्यांची पोरं अंगाने लहान, समोरच्यांना ढकलून पुढे जाणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी ‘व्हीअर’ ही पद्धत घेतली. यात चेंडू स्वतः घेऊन पळायचं की दुसऱ्याला द्यायचा, हे क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, समोरच्याची हालचाल बघून ऐनवेळी ठरवतो. ती शिकवली कुणी? त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या बॉबी बाउडेन यांनी. त्यांनी आपल्या सामन्यांच्या फिल्म मार्शलच्या माणसांपुढे उघड्या केल्या. दुसऱ्या संघाला आपली विद्या अशी कोण देतं हो!

आणि रेड डॉसन. हे सहायक प्रशिक्षक त्या रात्री विमानाने न येता गाडीने परतत होते. गेलेल्या कित्येक मुलांना त्यांनीच घरोघरी जाऊन, आईवडिलांशी बोलून मार्शलला आणलं होतं. ते 1971 चा एक सीझन थांबले, नव्या पोरांना उभं केलं आणि नंतर प्रशिक्षकाचं काम कायमचं सोडलं. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दल वाटतं.

पहिला सामना मार्शल मोरहेड स्टेटविरुद्ध 29-6 असा हरलं. दुसरा 25 सप्टेंबरला, झेवियरविरुद्ध, फेअरफील्ड स्टेडियमवर. अपघातानंतर घरच्या मैदानावरचा हा पहिलाच. शेवटाला मार्शल 13-9 असं मागे होतं. चार गुणांचा फरक, म्हणजे लाथेने मिळणारे तीन गुण उपयोगाचे नाहीत, टचडाउनच हवा, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण. चेंडू रेषेपासून 13 यार्डांवर, घड्याळ संपत आलेलं, हा एकच डाव उरलेला. क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हर उजवीकडे धावला, झेवियरचे खेळाडू त्याच्यामागे ओढले गेले, आणि त्याने वळून डावीकडे टेरी गार्डनरकडे चेंडू टाकला. गार्डनर रेषेपार गेला. 15-13.

ऑलिव्हर दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे आदल्या वर्षी नियमामुळे विमानात नसलेला. गार्डनर पहिल्या वर्षाचा, म्हणजे नियम शिथिल झाला नसता तर मैदानातच नसलेला.

त्या सीझनमध्ये आणखी एकच विजय मिळाला, बोलिंग ग्रीनवर 12-10. पुढे हरण्याची अशी रांग लागली की जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त व्हायला 1984 उजाडलं. एवढी वर्षं गाव येत राहिलं.

कॅम्पसमध्ये त्या 75 जणांच्या आठवणीचं कारंजं आहे. दरवर्षी 14 नोव्हेंबरला लोक तिथे जमतात, एकेक नाव वाचलं जातं आणि पाणी बंद केलं जातं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्याचा आवाज थांबल्यावर बराच वेळ कुणीच हललं नाही. हिवाळाभर त्या कोरड्या कारंज्याजवळून मी वर्गाला जात होतो. पाणी पुन्हा सुरू झालं ते वसंतात.