राष्ट्र सेवा दलात नवा आलायस, तर हे ऐक

पहिले काही महिने भाषणं नकोत. संध्याकाळी मैदानावर पोरं जमव, खेळ घे, गाणी शिकव आणि त्यांना घरी सोडताना आईवडिलांशी बोल. कुणाचं रेशनकार्ड अडलंय, नळाला पाणी कधी येतं, हे दारातच कळतं.

राष्ट्र सेवा दल १९४१ सालचं. त्यानंतर दोनेक वर्षांत आपल्या सांगलीकडच्या कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार, उभं राहिलं, गावाचे तंटे गावातच मिटू लागले. सेवा आणि राजकारण वेगळं ठेवा म्हणणारे भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. मैदानावरच्या आपल्या शाखेत मतं मागायची नाहीत, एवढं मात्र कटाक्षाने पाळ.

२०१९ च्या पुरात सांगलीत धान्याची पाकिटं वाटायला पुष्कळ हात आले. पाणी ओसरल्यावर भाडेकरूंची नावं पंचनाम्यात आहेत का, हे बघायला माणसं हवी असतात. ते काम शिक.

गटार साफ कर, पण ते दरवर्षी का तुंबतं हेही विचार. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तुझ्या गावात ती खरंच भरते की नुसत्या सह्या फिरतात, ते आधी बघून ये.